इंजिनाच्या पोटातला वारा : टर्बो गाडीच्या क्रँककेसचा श्वास



आजचा विषय दिसायला लहान आहे. टर्बो असलेल्या मोटारीचं इंजिन मालकानं आणखी ताकदवान करून घेतलं, बूस्ट वाढवला, तर त्या इंजिनाच्या पोटात साठणाऱ्या वाऱ्याचं काय करायचं, एवढाच प्रश्न. पण गाड्यांची हौस असलेल्या तरुण मंडळींमध्ये या एवढ्याशा प्रश्नावरून जेवढे वाद होतात, तेवढे आमच्या तत्त्वज्ञान विभागात ब्रह्म आणि मायेवरूनही झाले नाहीत. (हशा) एक म्हणतो, कॅच कॅन लाव. दुसरा म्हणतो, पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून तोंड बंद करून टाक. तिसरा म्हणतो, कशाला एवढा खटाटोप, पाइप खाली मोकळा सोड. तिघांच्याही गाड्या चालत असतात, म्हणून तिघांनाही आपलंच खरं वाटतं.

आमचं म्हणणं असं की या वादात उपाय आधी येतो आणि प्रश्न मागे राहून जातो. प्रश्न असा आहे : या क्षणाला, या नळीत, वारा कुठून कुठे चालला आहे? हे ज्याला सांगता येतं त्याचा निम्मा वाद तिथेच मिटतो.

आधी हा वारा येतो कुठून ते पाहू. पिस्टनच्या वर स्फोट होतो आणि पिस्टनखाली क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं पोट असतं. तिथे क्रँकशाफ्ट फिरत असते, तेल उडत असतं. वरचा वायू खाली येऊ नये म्हणून पिस्टनला रिंगा असतात. आता गंमत पाहा. ही रिंग अखंड नसते, तिला तोंड असतं, आणि ते तोंड थोडं उघडं ठेवावंच लागतं. कारण तापली की रिंग वाढते. फट अपुरी असली तर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरमध्ये आवळून बसते, तुटते, आणि जाताना पिस्टनची खाचही फोडून जाते. म्हणजे गळती शून्य करायला गेलात तर इंजिन जातं. थोडी गळती ही इथे चूक नाही, ती विचारपूर्वक ठेवलेली आहे.

उदाहरणासाठी आपण एकच इंजिन धरू, म्हणजे बोलणं हवेत जाणार नाही. मित्सुबिशीचं ४जी६३. १९९२ ते २००७ या काळातल्या लान्सर इव्होल्यूशनच्या पहिल्या नऊ आवृत्त्यांमध्ये हेच इंजिन होतं. १९९७ सीसी, चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८५ मिलिमीटर. जगभरातल्या हौशी लोकांनी या इंजिनावर जेवढे हात चालवले तेवढे फार थोड्या इंजिनांवर चालवले असतील. बूस्ट वाढवायचा असला की जाणकार मिस्त्री यात वरच्या रिंगेची फट मुद्दाम जास्त ठेवतो, सुमारे ०.४ ते ०.५ मिलिमीटर. म्हणजे फेरफार केलेल्या इंजिनात दाबही जास्त आणि दारही थोडं जास्त उघडं. गळती वाढणार हे ठरलेलंच.

गळून येणाऱ्या या वायूला आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, असं मिस्त्री म्हणाला की मालकाच्या पोटात गोळा येतो. त्यात काय काय असतं? न जळलेलं पेट्रोल, जळून झालेला धूर, तेलाचे सूक्ष्म थेंब आणि पाण्याची वाफ. पाणी ऐकून काहींना नवल वाटेल. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपानं तयार होतं. त्यातला बहुतांश भाग सायलेन्सरमधून बाहेर जातो, पण थोडा पोटात उतरतो आणि तेलात मिसळतो. तेव्हा हा वारा नुसता बाहेर काढून भागत नाही, पोटातून ताजी हवा फिरवून ती वाफ झाडूनही काढावी लागते. दोन कामं आहेत, हे लक्षात ठेवा. पुढे आपल्याला लागणार आहे.

किती वारा? निरोगी इंजिनात आत घेतलेल्या हवेच्या सुमारे एक टक्का धरला तर हिशेब करता येतो. दोन लिटरचं इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेतंय. चार स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा हवा आत येते, म्हणजे मिनिटाला ६००० लिटर. बूस्ट १ बार असेल तर हवा दुप्पट दाट, ढोबळमानाने १२००० लिटर. बूस्ट २ बार केला तर १८०००. त्याचा एक टक्का १८० लिटर. म्हणजे दर सेकंदाला ३ लिटर वारा इंजिनाच्या पोटात शिरतोय आणि त्याला तेवढ्याच वेगानं बाहेर पडायला वाट हवी आहे. रिंगा झिजल्या असतील तर आकडा याच्या कितीतरी पुढे.

आता वाट. इथे आम्हाला थोडं आमच्या शास्त्रात शिरू द्या. या विषयातला सगळा घोटाळा एका क्रियापदातून होतो, ‘ओढणे’. मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम वारा ओढतो, टर्बो ओढतो, असं सगळे म्हणतात. निसर्गाला रिकामी जागा सोसत नाही, म्हणून रिकामी जागा भोवतालचं सगळं ओढून घेते, असं शेकडो वर्षं युरोपातले विद्वान शिकवत आले, ॲरिस्टॉटलच्या आधारानं. १६४४ मध्ये तोरिचेल्लीनं पाऱ्याच्या नळीवरून वेगळं सांगितलं. नळीतला पारा वरची पोकळी ओढून धरत नाही, बाहेरची हवा त्याला खालून ढकलून धरते. १६४८ मध्ये पास्कालनं आपल्या मेव्हण्याला पुय द दोम या डोंगरावर तसली नळी घेऊन पाठवलं. वर हवा कमी, म्हणून ढकल कमी, म्हणून पारा खाली उतरला. पोकळीनंच पारा ओढून धरला असता तर डोंगराच्या माथ्यावर तिचा जोर कमी व्हायला काही कारण नव्हतं.

तर व्हॅक्यूम काहीही ओढत नाही. जिकडे दाब जास्त तिकडून, जिकडे कमी तिकडे वारा ढकलला जातो, बस. म्हणून प्रत्येक नळीच्या दोन टोकांचे दाब मांडून पाहायचे. ज्याच्या नावानं आज आपण दाब मोजतो त्या पास्कालचंच एकक घेऊ. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०० किलोपास्कल, पुण्याच्या उंचीवर ९५ च्या आसपास.

४जी६३ च्या टॅपेट कव्हरला दोन नळ्या आहेत. एक पीसीव्ही व्हॉल्व्हमधून इनटेक मॅनिफोल्डला जाते, म्हणजे थ्रॉटलच्या पलीकडे. दुसरी, ब्रीदर, जाते एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या पाइपात. गाडी सिग्नलला उभी आहे. थ्रॉटल जवळजवळ बंद, मॅनिफोल्डमध्ये दाब अवघा ३५ किलोपास्कल. पोटात ९५. साहजिकच पोटातला वारा पीसीव्हीमधून मॅनिफोल्डमध्ये ढकलला जातो आणि जळून जातो. त्याची जागा घ्यायला ब्रीदरमधून ताजी, फिल्टर झालेली हवा पोटात उतरते. वाफ झाडून काढायचं काम यात होतं. उत्तम व्यवस्था.

आता सिग्नल सुटला, पाय दाबला, टर्बो फुगला. मॅनिफोल्डमध्ये आता ३५ नव्हे, १.५ बार बूस्टला २५० किलोपास्कल आहेत. तीच नळी, तीच दोन टोकं, पण उतार उलटा झाला. ज्या दारातून वारा बाहेर जात होता त्यातून आता बाहेरचा दाब आत घुसू पाहतो. तिथे पीसीव्ही व्हॉल्व्हनं दार लावून घ्यायचं असतं, पाण्याच्या पंपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो तसं. मग पोटातला वारा जाणार कुठे? उरलेल्या दारानं, ब्रीदरमधून, उलट्या दिशेनं. टर्बो जोरात हवा घेत असल्यामुळे फिल्टरनंतरच्या पाइपात दाब बाहेरच्यापेक्षा दोन-चार किलोपास्कल कमी असतो. तेवढ्या उतारावर सेकंदाला ३ लिटर वारा जायला हवा.

म्हणजे एकच ब्रीदर कधी श्वास घेण्याची नळी असते, कधी सोडण्याची. जो माणूस तिला ‘आत येणारी’ म्हणतो तोही बरोबर, ‘बाहेर जाणारी’ म्हणतो तोही. दोघांनी गाडी वेगवेगळ्या वेळी पाहिलेली असते.

कारखान्यातून आलेल्या गाडीत ही व्यवस्था बेताबेतानं पुरते. फेरफार करणारा तिच्यात तीन-चार ठिकाणी नकळत हात घालतो. बूस्ट वाढवून वारा वाढवतो, ते झालंच. बूस्ट वाढला की जुन्या पीसीव्ही व्हॉल्व्हला पूर्वीपेक्षा जास्त दाब अडवावा लागतो. तो तेलकट चिकट झालेला असला, किंचित जरी गळला, तर मॅनिफोल्डचा दाब थेट पोटात भरू लागतो. आणि हे तर आम्हाला फार मजेदार वाटतं : मालक मोकळा श्वास घेणारा मोठा एअर फिल्टर बसवतो, ताकद मिळावी म्हणून. त्यामुळे फिल्टरनंतरच्या पाइपातली ती दोन-चार किलोपास्कलची तूट कमी होते. म्हणजे एका नाकाला मोकळं केलं आणि दुसऱ्या नाकाचा उतार काढून घेतला. काही जण टर्बोच्या आधीचा पाइपच बदलतात आणि नव्या सिलिकॉन पाइपाला ब्रीदरसाठी तोटीच नसते. मग ब्रीदरवर छोटा कापसाचा फिल्टर अडकवून काम भागवतात.

दाब वाढला तर होतं काय? इथे आकडे बोलतात. पोटात बाहेरच्यापेक्षा फक्त १० किलोपास्कल जास्त दाब झाला असं समजा, म्हणजे बूस्टच्या मानानं काहीच नाही. डिपस्टिकच्या ८ मिलिमीटरच्या नळीवर त्याचा जोर ५० ग्रॅमभर पडतो. ढिली डिपस्टिक उचलली जायला तेवढा पुरतो. पण तेलाचं चेंबर साधारण ४५ बाय २५ सेंटिमीटर धरलं तर त्याच्या गॅस्केटवर तोच दाब ११० किलो वजनाएवढा जोर लावतो. क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांची ऑइल सील तर मुख्यतः उडणारं तेल अडवायला असतात, आतून सतत रेटणारा वारा अडवायला नव्हे. त्यातही गिअरबॉक्सकडची मागची सील गेली तर सीलची किंमत किरकोळ, पण तिथपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

आणि एक दुखणं जे पुष्कळदा भलत्याच्या माथी मारलं जातं. टर्बोच्या बेअरिंगमधून गेलेलं तेल पंपानं परत येत नाही, ते आपल्या वजनानं घरंगळत क्रँककेसमध्ये येतं. पोटात दाब असेल तर ते तेल उतरत नाही, टर्बोतच तुंबतं, आणि मग टर्बोच्या सीलमधून एक्झॉस्टकडे किंवा हवेच्या पाइपाकडे पाझरतं. सायलेन्सरमधून निळा धूर. मिस्त्री सांगतो टर्बो गेला. मालक नवा टर्बो घालतो, आणि महिन्याभरात तोही ‘जातो’. गेलेलं काही नसतं, न्हाणीघराची मोरी तुंबली म्हणून वरची टाकी बदलावी तसा हा प्रकार आहे.

ब्रीदरमधून तेलाचे थेंब टर्बोत आणि पुढे इंटरकूलरमध्ये गेले तर आणखी एक संकट आहे. तेलाची वाफ पेट्रोलच्या मिश्रणाची नॉकिंग सोसण्याची शक्ती कमी करते, म्हणजे पंपावर जास्त पैसे देऊन घेतलेलं जास्त ऑक्टेन आपणच पातळ करतो. जास्त बूस्टवर नॉकिंग झालं की पिस्टनची खाच फुटायला फार वेळ लागत नाही. आणि खाच फुटली की वारा आणखी वाढतो. चक्र पुरं झालं.

आता निदान. आपल्याकडे जुनी गाडी घेताना एक परीक्षा हमखास होते. चालू इंजिनाचं तेलाचं झाकण काढायचं आणि धूर येतो का बघायचं. धूर आला की रिंगा गेल्या, इंजिन बांधायला आलं. हे अनुमान नैयायिकांसमोर ठेवून पाहा. डोंगरावर धूर दिसला तर आग आहे असं म्हणता येतं. उलटं मात्र म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. आगीवरून धुराचं अनुमान करायचं तर मध्ये ओल्या सरपणाची अट लपलेली असते. अशा लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात, आणि उपाधी सापडली की अनुमान कोसळतं. आपल्या परीक्षेतली उपाधी कोणती? ‘बाहेर जायची वाट मोकळी असताना’ ही. वाट तुंबली असेल तर उत्तम रिंगांचं इंजिनही झाकणातून धूर ओकतं. पीसीव्ही उलटा गळत असेल तर बूस्टवर डिपस्टिक उडते आणि रिंगांचा त्यात काही दोष नसतो. धुरावरून एवढंच कळतं की येणं आणि जाणं यांचा मेळ बसलेला नाही. येणं जास्त की जाणं कमी, हे वेगळं तपासावं लागतं.

ते तपासायची साधनं स्वस्त आहेत. व्होल्वोच्या टर्बो गाड्यांचे मालक तेलाच्या तोंडावर रबरी हातमोजा बसवतात. इंजिन आयडलवर असताना मोजा फुगून टाटा करू लागला तर वाट तुंबली, आत बसला तर ठीक. छान युक्ती आहे, पण ती आयडलची स्थिती सांगते, बूस्टची नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून तोंडानं फुंकून पाहता येतो, आधी पुसून घ्या म्हणजे झालं. इंजिनाच्या बाजूनं फुंकर जायला हवी, मॅनिफोल्डच्या बाजूनं अडायला हवी. दोन्हीकडून जात असेल तर तो फेकून द्या, त्याची किंमत एका सीलच्या मजुरीपुढे काहीच नाही. रिंगांसाठी लीक-डाउन चाचणी करायची. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि कान लावायचा. तेलाच्या तोंडातून सूं आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

बूस्टवरचा दाब मोजायला आम्हाला सगळ्यात आवडतं ते साधन म्हणजे पाण्याची यू नळी. पारदर्शक नळी इंग्रजी यू सारखी वाकवून त्यात रंगीत पाणी भरायचं, एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट जोडायचं, दुसरं मोकळं. पाण्याच्या दोन पातळ्यांत १० सेंटिमीटर फरक म्हणजे जवळपास १ किलोपास्कल. पातळी इंजिनाकडे वर चढली तर पोटात दाब बाहेरच्यापेक्षा कमी आहे, तसाच हवा. गाडी डायनोवर असेल तर फारच सोपं, कोणी रस्त्यावर जीव धोक्यात घालून पाण्याकडे बघत बसू नये. ज्यांना नळीचा पसारा नको त्यांनी छोटा प्रेशर सेन्सर लावून नोंद घ्यावी. पण मोजा. न मोजता कॅन लावणं म्हणजे ताप न बघता औषध देणं.

याच्या उलट टोकाचं एक दुखणंही सांगून ठेवतो. फोक्सवॅगन गटाच्या २.० टीएसआय इंजिनांमध्ये पीसीव्हीच्या आत एक रबरी पडदा दाबाचं नियमन करतो. तो फाटला तर मॅनिफोल्डची पूर्ण तूट पोटावर येते. मग तेलाचं झाकण निघता निघत नाही, आणि मागच्या सीलच्या ओठातून बाहेरची हवा आत शिरताना शिट्टी वाजते. डिपस्टिक उपसली की शिट्टी थांबते. तिथेही सीलच जाते, फक्त उलट्या दिशेनं. म्हणून जितका व्हॅक्यूम जास्त तितकं चांगलं, हेही खरं नाही.

उपायांकडे येऊ. पहिला नळीचा व्यास, आणि यावर कोणी फारसं बोलत नाही म्हणून आम्ही बोलतो. सेकंदाला ३ लिटर वारा १२ मिलिमीटरच्या नळीतून जायचा असेल तर त्याचा वेग ताशी ९५ किलोमीटर होतो. मध्ये कुठे ८ मिलिमीटरची तोटी असेल तर तिथे ताशी २१५. नळीतला विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणजे जाड नळी घेतली आणि टॅपेट कव्हरवरची जुनी बारीक तोटी तशीच ठेवली तर पैसे वाया. व्यास १२ वरून १८ केला तर वेग निम्म्याहून खाली येतो आणि विरोध पाचव्या हिश्श्यावर. शिवाय मंद वारा तेलाचे थेंब कमी उचलतो. टॅपेट कव्हरच्या आत तोटीखाली तेल अडवणारी पत्र्याची पडदी असते, ती मोठी तोटी बसवताना काहीजण कापून टाकतात. मग कॅन भराभर भरतो आणि लोक कॅनला शिव्या देतात.

दुसरं, नळी कोणती. रेडिएटरची रबरी नळी घरात पडलेली असते म्हणून ती लावू नका. ते रबर पाण्यासाठी असतं, तेलानं फुगतं आणि मऊ होतं. तेल सोसणारी, नायट्राइल रबराची नळी घ्या. ती मध्ये झोळीसारखी लोंबू देऊ नका, खोलगट भागात पाणी आणि तेल साचून बूच बसतं.

तिसरा कॅच कॅन. त्याचं काम एकच, वारा जाताना तेल आणि पाणी मागे ठेवून जायला लावणं. त्यासाठी आत पडद्या किंवा जाळी हवी, जागा थंड हवी. रिकामा डबा, एक तोटी आत, एक बाहेर, यात वारा वरच्या वर निघून जातो. बाजारात चकचकीत डबे मिळतात, आत काय आहे ते उघडून बघा. आणि कॅन हा वाटेतला अडथळाही आहे हे विसरू नका. बारीक तोट्यांचा कॅन लावल्यानं पोटातला दाब वाढतो, यू नळीवर ते लगेच दिसतं.

चौथा प्रश्न, कॅनमधून पुढे वारा कुठे सोडायचा, आणि इथे आमचं मत स्पष्ट आहे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत तो परत टर्बोच्या आधीच्या पाइपात गेला पाहिजे. का, ते थोडं मागे जाऊन सांगतो. फार पूर्वी सगळ्याच गाड्यांना पोटातून खाली जाणारी उघडी नळी असायची. गाडी पळाली की खालून जाणाऱ्या वाऱ्यामुळे तिच्या तोंडाशी दाब कमी व्हायचा. गाडी उभी राहिली की काम बंद. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे खोल पाण्यातून न्यायचे म्हणून ही नळी बंद करून वारा इनटेककडे वळवण्याची पद्धत आली. पुढे लॉस एंजेलिसच्या लोकांचे डोळे धुरक्यानं चुरचुरू लागले. कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी दाखवलं की न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात मिळून ते धुरकं बनतं. आणि त्या काळच्या मोटारीतून बाहेर पडणाऱ्या न जळलेल्या इंधनाचा सुमारे पाचवा हिस्सा त्या उघड्या नळीतून येत होता. १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात पीसीव्ही लागला, १९६३ पासून साऱ्या अमेरिकेत. मोटारीच्या प्रदूषणावरचा हा पहिला व्यापक उपाय होता. आज आपल्याकडच्या नियमांतही पेट्रोल गाडीच्या क्रँककेसमधून बाहेर काहीही सुटता कामा नये, शून्य. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ रचनेत बदल करायला आडकाठी करतं, हे फेरफार करणाऱ्या प्रत्येकानं आधी वाचलेलं बरं.

कायदा बाजूला ठेवला तरी उघडी नळी मालकालाच महाग पडते. पहिलं म्हणजे वास. बॉनेटखाली सोडलेला वारा पुढच्या काचेखालच्या जाळीतून केबिनमध्ये येतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. मागच्या सीटवर पोरं बसलेली असतात. दुसरं, तेल टपकून तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर आग. तिसरं जरा बारकाईचं आहे. ४जी६३ ला हवा मोजणारा सेन्सर फिल्टरपाशी आहे. पीसीव्ही चालू ठेवून ब्रीदर मोकळा सोडला तर आयडलला बाहेरची न मोजलेली हवा पोटातून मॅनिफोल्डमध्ये जाते, आणि संगणकाचा हिशेब चुकतो. मग लोक पीसीव्हीसुद्धा बंद करतात. झालं, आता पोटातून ताजी हवा फिरतच नाही. मघाशी म्हटलं ना, कामं दोन आहेत. दाब सुटला, पण झाडलोट थांबली. शहरात चार-चार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत झाकणाखाली दह्यासारखा पांढरा थर धरतो आणि तेल वेळेआधी मरतं.

शर्यतीची गाडी वेगळी. ती दर शर्यतीनंतर उघडली जाते, तेल बदललं जातं, तिथे दोन्ही तोट्या मोठ्या कॅनला जोडून कॅन मोकळा ठेवतात. एफआयएचे नियमही तिथे कॅन मागतात, २००० सीसीपर्यंत किमान २ लिटर, त्यावर ३ लिटर, आणि आतलं दिसेल असा. तो तुमच्या इंजिनासाठी नाही, मागून येणाऱ्या स्पर्धकाच्या टायरखाली तुमचं तेल येऊ नये म्हणून आहे. ड्रॅग शर्यतीत व्हॅक्यूम पंपही लावतात, आपल्याला त्यात शिरायचं कारण नाही.

तर रस्त्यावरच्या फेरफार केलेल्या ४जी६३ ला आम्ही सांगू ते असं. पीसीव्ही नवा, मूळ कंपनीचा, आणि त्याच्या पुढे मॅनिफोल्डकडच्या नळीत बूस्ट सोसणारा एक वेगळा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. ब्रीदरची तोटी आणि नळी जाड. मध्ये जाळीचा कॅन, एक्झॉस्टपासून लांब, आणि तिथून टर्बोच्या आधीच्या पाइपात, फिल्टर आणि सेन्सरच्या पुढे. नवा इनटेक पाइप घेताना त्याला तोटी आहे का ते आधी बघणे. मग डायनोवर यू नळी.

कॅन तेल बदलताना तर रिकामा कराच, पावसाळ्यात आणि थंडीत अधूनमधून आणखी. त्यात निघेल ते दुधट पाणी, तेल आणि पेट्रोल यांचं मिश्रण असतं, ते परत इंजिनात ओतायचं नाही. गटारातही नाही, जुनं तेल नेणाऱ्याकडे द्यायचं. किती निघालं ते तारीख आणि किलोमीटर घालून लिहून ठेवा. दर हजार किलोमीटरला निघणारं पाणी ऋतूप्रमाणे कमीजास्त होईल. तेलाचा भाग मात्र सारखा राहायला हवा. तो वाढत चालला, आणि पीसीव्ही, नळ्या, तोट्या सगळं ठीक आहे असं यू नळी सांगत असेल, तर मग लीक-डाउनची वेळ आली, आणि तेव्हा मिस्त्रीनं रिंगा म्हटलं तर मान डोलवायला हरकत नाही.

प्रश्न असतील तर घेऊ.